चिमट्याची खाच

आमच्या कंपनीत बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, दाराजवळ, एक उभा आरसा होता आणि त्याची चौकट टिकल्यांनी भरलेली असायची. लाल, मरून, खड्याच्या, एखादी चंद्रकोर. आत हॉलमध्ये टिकली लावून जायचं नाही असा नियम. कपाळावरची टिकली घामाने कधी सुटेल आणि कुठे जाऊन चिकटेल याचा नेम नसतो, आणि आम्ही जे बनवत होतो त्यात टिकली सापडून चालत नाही. म्हणून जाताना ती काढून चौकटीला चिकटवायची, येताना परत कपाळावर. संध्याकाळी बस सुटायच्या गडबडीत कोण कुणाची टिकली लावून घरी जाई ते विचारू नका. एकदा सासूबाईंनी माझ्या कपाळाकडे निरखून बघितलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "सकाळी गोल व्हती, आता लांबडी कशी गं झाली?"

आम्ही विमानं बनवत होतो. म्हणजे विमानाचे तुकडे. कुठल्या विमानाचे, कुणासाठी, हे बाहेर बोलायचं नाही असं सही करून दिलेलं होतं. आता रिटायर झाले तरी सांगणार नाही, कारण खरं म्हणजे मला तेव्हाही ते नीट माहीत नव्हतं. पण पळसदरीत मी अशा चेहऱ्याने फिरायचे, जणू देशाच्या हवाई दलाचं निम्मं गुपित माझ्या ब्लाउजमध्ये खोचलेलं आहे. वय चाळिशीच्या पुढचं, मुलगा लग्नाचा, पण अक्कल कोवळी. शेतात लावणीला वाकलेली असले आणि वरून विमान गेलं, की कंबर धरून उभी राहायची, डोळ्यावर हात घ्यायची आणि गंभीर आवाजात म्हणायची, "आमचं दिसतंय."

शेजारीण चिखलातूनच म्हणायची, "तुमचं हाय ना? मग उतरव खाली, दोन भारे गवत न्यायचंय."

प्रत्यक्षात मी वायरी बांधत होते. खालापूरच्या पुढे कंपनीने मोठा हॉल उभा केला, तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना वायरिंगच्या कामाला घेतलं. बोटं बारीक, नजर बरी आणि एका जागी तासन्‌तास बसायची सवय, एवढं आमचं भांडवल. शेकडो वायरींचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठ मारत बांधायचे. त्या जुडग्यांना आम्ही वेण्या म्हणायचो. आणि ज्या लोखंडी सांगाड्यात तो विमानाचा तुकडा टांगून ठेवलेला असायचा, त्याला पाळणा. "पाळण्यात वेणी घातली का?" असं आम्ही एकमेकींना विचारायचो आणि पुण्याहून आलेले तरुण इंजिनिअर, आमच्या लाइनचे साहेब, एकदा बराच वेळ आमच्याकडे संशयाने बघत राहिले होते.

थोड्याच वर्षांत मी लाइन लीडर झाले. म्हणजे दंडावर पिवळा पट्टा आला. त्या पट्ट्याचं मला इतकं कौतुक, की मी तो घरी आणून धुवायचे आणि इस्त्री करायचे. सासूबाई म्हणायच्या, "एवढी माया पोरांवर केली असतीस तर." पट्टेवालीचं मुख्य काम मोजणी. हत्यारांच्या ट्रॉलीत फोमच्या गाद्या असतात, आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराची त्या गादीत खाच कापलेली असते. पकडीची खाच वेगळी, आरशाची वेगळी, चिमट्याची वेगळी. वापरून झालं की ज्याचं त्याच्या खाचेत. सकाळी, जेवणाच्या सुट्टीला आणि संध्याकाळी ट्रॉली उघडून बघायची. खाच रिकामी दिसली तर काहीतरी हरवलं, आणि जे हरवलं ते कदाचित विमानात आहे. सगळ्या खाचा भरलेल्या असल्या की मी सही करायची. त्या सहीशिवाय पाळण्यावर झाकण बसत नसे.

आणि खाच रिकामी असली तर? छताला एक लाल दोरी लटकलेली होती. ती कुणीही ओढायची. घंटा वाजते, लाइन थांबते, हरवलेलं सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. दोरीमागच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं: सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

आमच्या लाइनवर ती दोरी कुणी कधी ओढली नव्हती. आदल्या वर्षी पलीकडच्या लाइनवर एका कंत्राटी मुलाने स्क्रू पडल्याचं स्वतःहून सांगितलं. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. काही महिन्यांनी त्याचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. स्क्रूमुळे की आणखी कशामुळे, कुणालाच कळलं नाही. पण आमच्या बसमध्ये त्याचा जो अर्थ लागला तो लागला. भिंतीवरची अक्षरं आम्ही देवळातल्या पाटीसारखी वाचायचो. वाचायची, आणि चपला मात्र नजरेसमोर ठेवायच्या.

बसमध्ये आम्हाला नावं नव्हती, गावं होती. मी पळसदरीवाली, आणि लहान मुलींची मावशी. माझ्याशेजारी बसायची ती कोंडाणेवाली. कोंडाण्याच्या लेण्यांकडे वाट चढते, तिच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतली. वय तिशीच्या आत, नवरा वारलेला, जीभ धारदार. कपाळावर गोंदण. पहिल्या दिवशी दारावरच्या सिक्युरिटीवाल्या बाईने तिला टिकली काढायला सांगितली. ही म्हणाली, "काढ तूच." त्या बाईने खरंच नखाने खरवडून बघितलं. कोंडाणेवाली अख्खा हॉल ऐकेल अशी हसली. "माझी कुटं पडत नाय. हिला सही करून सोड."

तिची दोन मुलं आश्रमशाळेत होती. दिवाळीला आणि मे महिन्यात भेटायची, बाकी वर्षभर फोनवर. खालापुरात बसस्टँडच्या मागे तिने एक खोली बघून ठेवली होती, तिथून शाळा चालत जायच्या अंतरावर. पण घरमालक म्हणाला, कंत्राटी बाईला खोली देत नाही, परमनंट झाल्याचं पत्र दाखव. त्या महिन्यात कंत्राटी बायकांतल्या काही जणी परमनंट होणार होत्या आणि त्यांत तिचं नाव होतं. हे तिने मला एकटीला सांगितलं होतं, बसमध्ये, खिडकीबाहेर बघत. धाकटी पोरगी फोनवर दुसरं काही बोलतच नसे म्हणे. "खोली भेटली का?" एवढंच विचारायची आणि फोन मोठ्या भावाकडे द्यायची.

तो दिवस झाकण बसायचा होता. संध्याकाळी ट्रक येणार, पाळण्यातला तुकडा हायवेने जाणार. बाहेरून कुणी मोठे तपासनीस येणार होते, म्हणून साहेब सकाळपासून स्वतःच्याच सावलीवर खेकसत होते. जेवणाची घंटा झाली. बायका कॅन्टीनकडे निघाल्या. मी पट्टा सरळ केला, पेनचं टोपण काढलं आणि रुबाबात ट्रॉली उघडली.

सगळ्या खाचा भरलेल्या होत्या. सही करायला वाकले आणि चिमट्याच्या खाचेवर नजर थांबली.

खाच लांब होती, चिमटा आखूड. आमचा चिमटा काळपट, टोकाला वाकडा, त्याच्या पाठीवर नंबर कोरलेला. हा चकचकीत, सरळ, आणि मुठीजवळ गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका.

तो ठिपका मीच लावला होता.

इथे थोडं सांगावं लागेल. कपडे बदलायच्या खोलीत आमची एक सामाईक पिशवी होती. तिच्यात फणी, पिना, पावडर आणि माझा कर्जतच्या बाजारातून आणलेला लेडीज चिमटा. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की पायात काटा रुतला तर असावा म्हणून आणलाय. कंपनीच्या गुळगुळीत फरशीवर कुणाला कसला काटा रुतणार होता देव जाणे. खरं म्हणजे त्या वर्षी माझ्या हनुवटीवर दोनचार दांडगे केस यायला लागले होते, आणि लाइन लीडरच्या हनुवटीवर केस असतात हे जगाला कळू नये म्हणून मी सकाळी लवकर येऊन, आरशाला नाक लावून ते उपटत असे. तर तो चिमटा, माझा खाजगी, लपवून ठेवलेला, आता फोमच्या गादीत विमानाचं हत्यार होऊन पहुडला होता.

माझ्या मागे कोंडाणेवाली उभी होती. तिची माझी नजरानजर झाली आणि मला विचारावंच लागलं नाही.

"सही कर ना मावशे," ती हळू म्हणाली. "भात गार होतोय."

मी तिला दंडाला धरून पाण्याच्या मशीनमागे नेलं. "आपला कुठाय?"

"काय?"

"काय नको म्हणू. माझा चिमटा तिथं काय करतोय?"

"हळू बोल गं." तिचे ओठ पांढरे पडले होते. "सकाळी हातात हुता. वेणी बांधत हुते. मंग नव्हता."

"पाळण्यात पडला?"

"ठाव नाय."

"शोधलास?"

"हात जाईल तितवर शोधला. चहाच्या टायमाला परत शोधला. मंग खोलीत जाऊन तुझा आनला, मोज्यात घालून."

"अगं मग सांगायचं ना! दोरी कशाला हाय?"

"दोरी?" तिने माझ्या पट्ट्याकडे बघितलं. "सांगते न् जाते घरी. त्या स्क्रूवाल्या पोरावानी. तुला काय, तू परमनंट हायस. तुला दोरी दिसते, मला दार दिसतंय."

  मी तेव्हा काय केलं ते सांगते, म्हणजे पट्टेवालीची योग्यता कळेल. मी म्हटलं, "तू जा जेवायला. मी बघते." आणि ती गेल्यावर, झाकण बसायच्या आत चिमटा आपणच गुपचूप शोधायचा, खाचेत ठेवायचा, सही करायची आणि हिलाही वाचवायचं नि विमानालाही, असा बेत करून मी दांड्याचा आरसा घेतला आणि पाळण्यात डोकं घातलं. इतक्या वायरी, इतके कोपरे. एक एक वेणी बोटाने उचलायची, मागे आरसा धरायचा. आरशात माझाच घाबरलेला डोळा दिसायचा. ज्या गाठी मी रोज डोळे मिटून मारायचे, त्या गाठी मला ओळख देईनात. पाठीवरून घाम निघाला तो थेट कमरेपर्यंत. डोक्यात एकच, की चिमटा सुटा आहे, आणि हे उडणार आहे. वर गेलं, हललं, वळलं, की तो वायरींच्या दोन उघड्या टोकांच्या मधे जाऊन पडला तर? आत बसलेल्या माणसाला कळणारही नाही काय झालं. त्याचीही कुणी तरी घरी वाट बघत असेल, त्याच्या नावाने फोन येत असेल.

"मावशी, जेवला नाहीत?"

माझं डोकं सांगाड्याला आपटलं. साहेब मागे उभे होते.

"उपास आहे," मी म्हटलं. "संकष्टी."

"संकष्टी तर परवा झाली. आमच्याकडे मोदक होते."

"माझी राहिली होती."

साहेबांनी कपाळाला हात लावला. एरवी ते हसले असते. "मोजणीची सही झाली नाही अजून. झाकणवाले येतायत." ते ट्रॉलीशी गेले.  त्यांनी गाद्यांवरून नजर फिरवली. "भरलंय की सगळं. करा सही."

"करते."

"आत्ता करा. तपासनीस गेटवर आलेत."

मी पेन उचललं. साहेबांची नजर घड्याळावर होती. सही म्हणजे नाव आणि आडनाव, रोजचंच. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. एक निळा ठिपका उमटला आणि पसरत गेला. "पेन चालत नाही," मी म्हटलं. साहेबांनी खिशातलं त्यांचं दिलं. तेही माझ्या हातात चालेना. तेवढ्यात झाकणवाल्यांचा फोन आला आणि "मोजणी बघितली मी, सही मागून घेतो, लावायला घ्या" असं सांगत ते दाराकडे गेले.

बायका जेवून परत आल्या. झाकणवाले दोघे झाकण घेऊन आले, त्यांनी ते पाळण्याशेजारी टेकवलं आणि झाकण ठोकून पक्कं करायच्या रिव्हेटच्या बंदुकीला हवेची नळी जोडली. नळीत हवा भरल्याचा फुस्स आवाज आला. कोंडाणेवाली आपल्या जागी उभी होती, हात कोटाच्या खिशात. एकदा बंदूक चालली की तो चिमटा कायमचा आत.

मी दोरीखाली जाऊन उभी राहिले. खरंच राहिले, एवढं श्रेय मला द्या. पण हात वर जाईना. एकीकडे विमान, एकीकडे फोनवर विचारणारी ती पोरगी, आणि मधे, लाज वाटते पण होताच, तो गुलाबी ठिपका. आता तो चिमटा सगळ्यांसमोर येणार, कुणाचा म्हणून विचारणार. एवढ्या मोठ्या प्रसंगात माझ्या मनाचा एक कोपरा हनुवटीची काळजी करत होता. माणूस मनाने किती बारीक असतं बघा.

झाकणवाल्यांनी झाकण उचललं.

मी वळले आणि तिच्यापाशी गेले. "तू ओढतेस का मी ओढू?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, ही आता थोबाडीत देणार. आजूबाजूच्या बायका थांबून बघू लागल्या.

"तू ओढलीस तर मी चोर," ती म्हणाली.

"म्हणून तर इचारते."

 ती ताडताड चालत दोरीखाली गेली आणि हात वर केला. हात पोचेना. दोरी लावणाऱ्याने ती उंच पुरुषांच्या हिशोबाने लावली होती, आणि ही तर माझ्याही खांद्याला लागायची. तिने उडी मारली. बोटं दोरीच्या टोकाला घासून गेली. पुन्हा मारली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मला तो हसण्याचा आवाज अजून आठवतो.

मी कामाचं स्टूल ओढत आणलं. त्याचा एक पाय आखूड होता, डगमगायचं. ती चढली. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"सोडू नको गं," ती वरून म्हणाली.

"नाय सोडत."

आणि घंटा वाजली. त्या दिवशी माझं कर्तृत्व काय, तर मी स्टूल धरलं.

लाइन थांबली. झाकणवाल्यांनी झाकण परत फरशीवर टेकवलं. साहेब पळत आले, त्यांच्यामागे क्वालिटीच्या मॅडम, आणि दारात ते बाहेरचे तपासनीस. कोंडाणेवाली स्टुलावरूनच म्हणाली, "चिमटा पडलाय. माज्याकडनं. ट्रॉलीत हाय तो खोटा हाय."

साहेबांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी आधी ट्रॉलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझी संकष्टी त्यांना तेव्हा समजली.

आम्हाला रांगेत उभं केलं. टोप्या काढल्या, खिसे उलटे केले, चपलांचे तळ बघितले. फरशी झाडली. काही नाही. मॅडमनी वायरच्या टोकाला असलेला बारीक कॅमेरा आणला आणि तो वेण्यांच्या मधून आत सोडत नेला. पडद्यावर वायरींचा जाडजूड गुंता दिसत होता, ओढ्याकाठच्या मुळांसारखा. एक कोपरा झाला. दुसरा झाला. बाहेर ट्रक येऊन उभा राहिल्याचा आवाज आला. कुणी बसलं नाही, कुणी पाणी मागितलं नाही. अर्धी दुपार सरली, बराचसा पाळणा बघून झाला, चिमटा नाही. मॅडमनी कॅमेरा बाहेर काढून डोळे चोळले. तपासनीस आमच्या साहेबांच्या कानाशी काहीतरी बोलले आणि साहेबांनी कोंडाणेवालीला विचारलं, "नक्की आतच पडला? बाहेर कुठे नेला नव्हता ना?"

त्या प्रश्नाचा अर्थ तिला कळला आणि आम्हाला सगळ्यांनाच कळला. चिमटा सापडला नाही, तर ती नुसती धांदरट राहणार नव्हती.

"आतच," ती म्हणाली. तिने कोटाची कड घट्ट धरली होती. "डाव्या अंगाच्या वेणीला हुते. परत बगा."

मॅडमनी कॅमेरा परत डाव्या बाजूने सोडला. यावेळी वेणीच्या पुढून नाही, सांगाड्याला लागून, मागून. जिथे वेणी पट्टीखालून वळते तिथे काळ्या अंधारात एक वाकडं टोक चमकलं. वेणीच्या आणि पट्टीच्या मधे, असं अडकलं होतं की पुढून कधीच दिसलं नसतं. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. कोंडाणेवाली होती तिथेच फरशीवर बसली.

पण संपलं नाही. चिमटा हरवणं वेगळं आणि खोटा ठेवणं वेगळं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तिथे म्हणजे एचआरच्या काचेच्या खोलीत. टेबलावर दोन्ही चिमटे शेजारी शेजारी. तिकडे एचआरचे साहेब, आमचे साहेब, मॅडम. इकडे आम्ही दोघी.

"हा कुणाचा?" एचआरच्या साहेबांनी गुलाबी ठिपक्याकडे पेन रोखलं.

"माझा," मी म्हटलं.

"आत कशासाठी आणला होता?"

"आत नव्हता आणला. खोलीतल्या पिशवीत असतो."

"कशासाठी?"

काट्यासाठी, असं तोंडावर आलं होतं. पण त्या दिवशी खोट्याचा इतका कंटाळा आला होता. "हनुवटीच्या केसांसाठी, साहेब."

कुणी हसलं नाही. एचआरचे साहेब कागदावर काहीतरी लिहायला लागले. मॅडमचा हात मात्र नकळत स्वतःच्या हनुवटीकडे गेला होता, तेवढं माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मग एचआरच्या साहेबांनी तिला विचारलं, का ठेवलास. तिने सरळ सांगितलं, "खाच रिकामी दिसत हुती. भ्या वाटलं."

"भिंतीवर लिहिलेलं वाचलं नव्हतं?"

"वाचलंय. रोजच वाचते." ती पुढे वाकली. "ते खरं हाय का नुसता रंग हाय, ते कुणाला ठाव? तुमी सांगा. मी सांगितलं. आता तुमची बारी."

 तिला बाहेर पाठवलं आणि निरोप येईपर्यंत कामाला येऊ नको म्हणून सांगितलं. माझा पट्टा तिथेच टेबलावर काढून घेतला. मला शंका आली तेव्हा मी दोरी न ओढता उपासाच्या गप्पा मारत बसले होते, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. पट्टा इस्त्रीचा होता. निदान चुरगळलेला तरी द्यावा लागला नाही, असा वेडा विचार तेव्हा डोक्यात आला.

त्यानंतरचे दिवस मला त्या दुपारपेक्षा जड गेले. बसमध्ये शेजारची जागा रिकामी. कपडे बदलायच्या खोलीत तिच्या खुंटीवर निळा कोट तसाच लटकलेला. बायका माझ्याशी बोलेनात. एकीने तर तोंडावर म्हटलं, "सही केली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी म्हटलं, "कोसळलं असतं, पण आपल्या डोक्यावर नाय. दुसऱ्याच्या." ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. कोंडाणेवालीच्या फोनला वाडीवर रेंज लागत नसे. मी रोज लावायचे आणि रोज फोनमधली बाई तेच वाक्य ऐकवायची. रविवारी वाडीवर जाऊन येते म्हणून ठरवायचे आणि जाऊन तिला तोंड काय दाखवणार म्हणून घरीच भांडी घासत बसायचे. अशी ही शूर लाइन लीडर.

एके दिवशी सकाळी बस फाट्याला थांबली आणि कोंडाणेवाली चढली. सगळ्या बायका बघत राहिल्या. ती सरळ येऊन माझ्याशेजारी बसली.

"सरक की," ती म्हणाली. "पट्टा गेला तरी जागा तेवडीच लागते व्हय तुला?"

कामावर घेतलं होतं. पण त्या खेपेच्या परमनंटच्या यादीतून नाव काढलं होतं. पुढच्या खेपेला बघू म्हणाले होते. भिंतीवरचा रंग खरा निघाला तो असा, अर्धा. ती मला दोष देत नव्हती आणि माफही करत नव्हती. त्या दिवाळीत मुलं वाडीवर आली आणि परत आश्रमशाळेत गेली. ती त्यांना सोडून आली त्या दिवशी बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती, आणि मी माझ्या हातांकडे.

दोरी मात्र हातभर खाली आली, ती तिच्या उंचीला. आणि मोजणीची पद्धत बदलली: नुसती खाच भरलेली बघायची नाही, प्रत्येक हत्यार बाहेर काढून, हाताने उलटून, त्याच्यावरचा नंबर मोठ्याने वाचायचा. एकीने वाचायचा, दुसरीने ऐकायचा. आमच्या लाइनवर वाचायला कोंडाणेवाली आणि ऐकायला मी, बिनपट्ट्याची. ती नंबर असा ओरडून वाचायची की पलीकडच्या लाइनवाले दचकायचे.

पुढच्या खेपेलाही तिचं नाव आलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला आलं. ज्या संध्याकाळी पत्र मिळालं, त्या संध्याकाळी ती घरमालकाकडे गेली तर ती खोली दुसऱ्याला गेलेली. तिने त्याच आळीत दुसरी शोधली, लहान, पत्र्याची. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी तिने मला जेवायला बोलावलं. खालापूरच्या बसस्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी चालू झाली की भिंत थरथरायची. तिने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. मोठा मुलगा लाजून दाराआड उभा होता. धाकटीने माझ्या हनुवटीकडे टक लावून बघितलं आणि आईला विचारलं, "हीच का गं ती चिमट्यावाली?"

"हीच," कोंडाणेवाली म्हणाली. "नीट बग. एक ऱ्हायलाय अजून, डाव्या अंगाला."

आणि तिने फळीवरून एक कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. नवा चिमटा, कर्जतच्याच बाजारातला. मुठीजवळ गुलाबी ठिपका. तो तिने लावला होता, जरा ओघळला होता.

निघताना माझी नजर दाराशेजारच्या भिंतीवर गेली. दोन खिळे ठोकलेले होते, एक वर, एक जरा खाली, धाकटीचा हात पोचेल एवढ्यावर. दोन्ही खिळ्यांवर दोन दप्तरं. मी दोन्ही दप्तरांना हात लावला, उचलून वजन बघितलं, आत वह्या वाजल्या.

"काय करतेस गं?" तिने विचारलं.

"नुसतं भरलेलं बघून सोडायचं नसतं," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागले.